वाळूची पेटी

आमच्या घरात भांडण झालं की आवाज होत नाही. भांडी आदळत नाहीत, दारं आपटत नाहीत. आम्ही दोघं बोलायचं बंद करतो, एवढंच. मग घरचा सगळा कारभार लेकीमार्फत चालतो. "तुझ्या बाबांना सांग, गीझर बंद करा." "तुझ्या आईला सांग, मी गीझर लावलाच नव्हता." लेक मधे उभी राहून एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. परवा तिनं ताट घेतलं आणि सरळ आपल्या खोलीत जाऊन जेवली. जाताना म्हणाली, "मी काय टपालखातं आहे का? एका टेबलाशी बसलायत दोघं."

या वेळचा अबोला गुडघ्यावरून होता. ह्यांचा उजवा गुडघा. दुखतोय हे आंधळ्यालाही दिसेल. जिना उतरताना एकेक पायरी, कठडा धरून, आणि मी मागून येतेय असं वाटलं की कठडा सोडून भराभर दोन पायऱ्या. मी म्हणायचे, "दुखतोय तुमचा." हे म्हणायचे, "काही नाही, बसून बसून आखडलाय." मग मी तेल आणून ठेवायचे आणि ते तसंच पडून राहायचं.

त्यात आमच्या तळावरच्या दुरुस्तीखान्यात एक जागा निघाली. बैठं काम, परदेशी जाणं नाही, घरचं जेवण. मी ह्यांच्या नावानं अर्ज टाकून मोकळी झाले. वाटलं, खूश होतील. कसले खूश! अर्ज परत घेऊन आले, आणि तेही मला न सांगता. कँटीनवाल्यानं मला चहा देता देता विचारलं, "काटेबाई, हवावाले पुन्हा जाणार म्हणे पहिल्या विमानानं?" माझ्या हातातला कप तसाच राहिला. घरी आल्यावर मी म्हटलं, "मला सांगितलंत का?" हे म्हणाले, "मला विचारलंस का?" त्यानंतर गीझर.

काटेबाई म्हणजे मी. विमानात कुठला बोजा कुठं ठेवायचा, पुढं किती वजन, मागं किती, हे मी ठरवते. तोल चुकला तर विमान जमीन सोडताना शेपटीवर बसतं, म्हणून माझ्या शब्दाशिवाय विमानाच्या मागच्या उतरत्या दारावर, रॅम्पवर, काही चढत नाही. हवावाले म्हणजे हे. घडीच्या दवाखान्यातलं ऑक्सिजनचं यंत्र ह्यांच्या ताब्यात. वीस-बावीस वर्षांपूर्वी विमानं भरायच्या याच फरशीवर भेटलो. लग्नात सामान चढवणाऱ्या लोडर मंडळींनी आम्हाला बोजा बांधायच्या फळीवर, पॅलेटवर, उभं करून फोटो काढला होता, खाली पट्टे लावून. 'बांधून टाकलं' म्हणाले.

आमची तुकडी लढत नाही. लढाऊ विमानं दुसऱ्यांची, वैमानिक दुसरे. पण लढाऊ विमानाला उतरायला तळ लागतो आणि जगात जिथं-तिथं आपला तळ कोण बांधून ठेवणार? म्हणून आम्ही तळच घडी घालून नेतो. गुंडाळून ठेवायची धावपट्टी असते, चटईसारखी. इंधनाच्या रबरी टाक्या असतात, रिकाम्या असल्या की गादीएवढ्या, भरल्या की खोलीएवढ्या. दिवे, पंप, दुमडता मनोरा, तंबू, आणि एक दवाखाना, जो सहा पेट्यांतून बाहेर येतो. समुद्रापलीकडे एखादी ओसाड पट्टी दाखवा. आज हुकूम झाला तर उद्या तिथं लढाऊ विमान उतरतं, इंधन पितं आणि पुन्हा उडतं. पाहुण्यांना हे सगळं दाखवतात तेव्हा ते तोंडात बोटं घालतात. आम्ही मात्र कंबरेवर हात ठेवून उभे असतो, कारण नंतर ते पुन्हा घडी घालून ठेवायचं असतं.

आणि आमचं खरं आयुष्य म्हणजे सराव. भोंगा वाजतो, धावायचं, सगळं विमानात चढवायचं, साहेब वरून घड्याळ बघणार, मग सगळं उतरवायचं. सराव आहे की खरं आहे, हे आधी कुणी सांगत नाही. सांगितलं तर लोक हळू चालतात म्हणे. खरं सांगायचं तर आता लोक तसेही हळूच चालतात. इतक्या वेळा लांडगा आला म्हणून धावलोय की भोंगा वाजला की पहिलं वाक्य असतं, "झालं, आजचं जेवण गेलं."

या सरावांत नाजूक सामानाची पार वाट लागायची. ऑक्सिजनचं यंत्र तर दरवेळी उचला-आपटा करून खिळखिळं झालं होतं. हे घरी येऊन हळहळायचे. तेव्हा मीच डोकं लढवलं. प्रत्येक नाजूक पेटीसारखी दुसरी पेटी करा, तोच रंग, तीच मूठ, तीच कुलपं, आणि आत वाळू भरा, खऱ्या पेटीच्या वजनाइतकी. सरावात वाळूच्या पेट्या चढवायच्या, खऱ्या शेडमध्ये सुखानं झोपू द्यायच्या. वजन तेच, म्हणून तोलही तोच. सगळ्यांना ती युक्ती इतकी आवडली की मला टाळ्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते स्वयंपाकघरात आहे. पाच मिनिटं मागे पडतं.

आता हुबेहूब पेट्या म्हटल्यावर घोळ होणार, हे कुणालाही कळतं. म्हणून पुकारा सुरू केला. पेटी रॅम्पपाशी आली की मी मोठ्यानं विचारायचं, "पेटी कुणाची?" ज्याची असेल त्यानं पुढं येऊन झाकण उघडायचं, आत बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "माझी." मग मी, "आत काय?" आणि तो सांगणार, वाळू किंवा जे असेल ते. मग कुलूप, मग वर. नवी मुलं हसायची, म्हणायची, लग्नात मंगलाष्टका म्हटल्यासारखं चाललंय. पण इतकी वर्षं एकही पेटी चुकली नव्हती.

त्या दिवशी भोंगा सकाळी नाश्त्याच्या वेळी वाजला. आम्ही एकाच स्कूटरवरून गेलो, कारण स्कूटर एकच आहे. वाटेत कुणी चकार शब्द काढला नाही. हे उतरताना आरशाला धरून उतरले. मला दिसलं. मी हेल्मेट काढण्यात गुंग असल्यासारखं केलं.

फरशीवर नेहमीचं चाललं होतं. फोर्कलिफ्ट, शिट्ट्या, शिव्या. वाळूच्या पेट्या रांगेनं आल्या, पुकारा झाला, "आत काय?" "वाळू!" "आत काय?" "वाळू!" विमान जवळजवळ भरलं. आणि मग तळप्रमुख स्वतः खाली आले. उंच, वाकलेला माणूस, खिशात कायम पित्ताच्या गोळ्या. ते कधी खाली येत नाहीत. त्यांनी माइकसुद्धा घेतला नाही. नुसतं म्हणाले, "सराव नाही. खरं आहे. वाळू काढा."

मग एकदम सगळे पळाले. वाळूच्या पेट्या खाली, खऱ्या पेट्या वर, एकाच रॅम्पवरून, एकाच वेळी. पलीकडच्या पट्टीवर दुसऱ्या दिवशी लढाऊ विमानं उतरणार होती. त्यांच्याआधी आमच्या टाक्या भरलेल्या हव्यात, नाहीतर ती समुद्रावर घिरट्या घालत राहतील. मी घसा फोडून पुकारा करत होते. "पेटी कुणाची? आत काय?" दिवे, मीटर, रेडिओ, औषधं. सगळं धडाधड चाललं होतं.

मग ऑक्सिजनची पेटी आली, आणि पेटीमागं हे.

मी वर बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, या माणसानं सकाळपासून एक शब्द नाही काढला. खरंखुरं परदेशी निघालाय, तो गुडघा घेऊन, आणि तरी नाही बोलत. मग मीच का विचारू? मी नुसती मान वर केली. ह्यांनी पेटीवर दोनदा थाप मारली, म्हणजे 'माझी.' मी हातानं 'जाऊ द्या' केलं. पेटी वर गेली. मागच्या लोडरला वाटलं असेल, नवरा-बायको आहेत, खुणेनं कळत असेल.

मग हेही वर गेले, कठडा न धरता. रॅम्प बंद झाला. मी हात हलवला नाही. विमान उडालं, अगदी नीट उडालं. माझा तोल बरोबर होता.

दुपारी वाळूच्या पेट्या शेडमध्ये रचून झाल्या. पाय मोडून आले होते. दुसरं विमान संध्याकाळी लावायचं होतं, तोवर पाठ टेकू म्हणून मी एका पेटीवर बसले. बूट काढला आणि पाय हलवताना टाच पेटीवर आपटली. वाळूची पेटी आपटली की ओल्या पोत्यासारखा आवाज येतो. ही पेटी वाजली. आतून काहीतरी बारीक किणकिणलं.

बूट हातात घेऊन मी बसूनच राहिले. पुन्हा टाच मारली. पुन्हा किणकिण. झाकण उघडायला हात होईना. उघडलं तेव्हा आत फोमच्या गादीत यंत्र निजलं होतं, ह्यांनी पुसून, नळ्या गुंडाळून, प्रत्येक नळीला कापडी पट्टी बांधून ठेवलेलं. घरात टॉवेल कधी घडी घालणार नाहीत, पण नळ्या बघा.

म्हणजे विमानातून गेली होती ती वाळू. आणि जाऊन पडणार होती कुठं, तर ओसाड वाळवंटात. एवढा खर्च करून, एवढ्या तंत्राच्या गप्पा मारून, आम्ही वाळवंटाला वाळू पाठवली होती. मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

कारण ते यंत्र नाही म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. सिलिंडर जड असतात आणि विमानात ते कुणालाच नको असतात, म्हणून थोडेच नेतात. दवाखान्याचा सगळा भरवसा यंत्रावर. ते तिथली हवा ओढतं आणि ऑक्सिजन काढून देतं, जनरेटर चालू आहे तोवर. ते नाही तर थोडेसे सिलिंडर आणि मग काही नाही.

मी तशीच, एक बूट पायात आणि एक हातात, तळप्रमुखांकडे गेले. त्यांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि ते उभ्याउभ्या सँडविच खात होते. मी सांगितलं. त्यांनी सँडविच ठेवलं. "परत बोलावता येणार नाही विमान," ते म्हणाले, "टाक्या त्यातच आहेत." "हो, साहेब." "उतरलंय का?" "तासाभरापूर्वीच उतरलं असेल." त्यांनी रेडिओवाल्याला पलीकडची लाइन जोडायला सांगितली, आणि ती स्पीकरवर घेतली. अशा लाइनवरचा प्रत्येक शब्द नोंदला जातो, याची त्यांनी मला आठवण करून दिली. एवढं बोलून ते खुर्चीत बसले, आणि मला बसायला सांगायचं विसरले.

आधी लाइनवर आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई आल्या. बोलणं उपग्रहावरून जातं, त्यामुळं प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबावं लागतं. त्या म्हणाल्या, "पेटी उघडली साहेब. वाळू आहे." मग थांबून, "इथे आपला एक लोडर टेबलावर आहे. सामान उतरवताना पॅलेट आणि रॅम्प यांच्यामध्ये सापडला. बरगड्या आत गेल्यात. ऑक्सिजनवर ठेवलाय. सिलिंडर उद्या दुपारपर्यंत पुरवते. दुसरा कुणी आला नाही तर."

खोलीत आम्ही तिघं होतो. कुणीही कुणाकडं बघितलं नाही.

तळप्रमुखांनी विचारलं, "पेटीचा माणूस कुठाय?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग ह्यांचा आवाज. किती दिवसांनी ऐकला, आणि तो असा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "बोला, साहेब."

"पुकारा झाला होता का?"

थांबावं लागतं तितकं थांबून हे म्हणाले, "झाला होता. काटेबाईंनी विचारलं. मी झाकण न उघडता 'यंत्र' म्हणून सांगितलं. चूक माझी."

तळप्रमुखांनी सुस्कारा सोडला. त्यांना बरंच वाटलं असावं. एक माणूस, एक चूक, प्रकरण मिटलं. चूक करणाऱ्याला फरशीवरून काढायचं, असा आमच्याकडं नियम आहे, आणि हे तर तसेही फरशीवर नव्हते.

मला काय वाटलं सांगू? आधी राग आला. एवढा राग की कानशिलं तापली. हा माणूस समुद्रापलीकडे बसून माझ्यासाठी खोटं बोलतोय, आपली सगळी नोकरी पाण्यात घालतोय, आणि तेही मला न विचारता! दुसऱ्याच क्षणी रडू आलं. मी दात आवळून दोन्ही गिळलं.

"साहेब," मी म्हटलं, "हे खोटं बोलतायत."

"काय?"

"मी विचारलंच नाही. मी मान हलवली, ह्यांनी थाप मारली. पुकारा झाला नाही."

लाइनवर खरखर. मग हे, अगदी हळू, "तू कशाला बोललीस?"

तळप्रमुखांनी डोळे चोळले. "तुम्ही दोघं नवरा-बायको ना?"

"हो, साहेब."

"मग सगळ्यात महत्त्वाची पेटी, आणि दोघांपैकी कुणीच तोंड उघडलं नाही?"

"नाही, साहेब."

"का?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "बोलत नव्हतो."

रेडिओवाला एकदम खोकला. मला वाटलं, तळप्रमुख आता ओरडतील. पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "माझी बायको पण बोलत नाहीये. तिच्या ताब्यात ऑक्सिजन नाही, एवढंच आपलं नशीब."

मग त्यांनी दुसऱ्या विमानाचा आराखडा पुढं ओढला. "जागा आहे?"

"नाही. काहीतरी काढावं लागेल. पेटीच्या वजनाचं."

त्यांनी बोट फिरवलं. टायर. पंप. धावपट्टीचे दिवे. लढाऊ विमानांचे सुटे भाग. प्रत्येकापाशी बोट थांबलं आणि पुढं गेलं. मी मधे बोलले नाही. शेवटी ते म्हणाले, "माझ्या तंबूचं थंड हवेचं यंत्र काढा."

"साहेब, तिथं फार ऊन..."

"मला कळतं तिथं काय आहे." संध्याकाळच्या विमानानं ते स्वतः जाणार होते. "आणि काटेबाई, हे विमान लावा. लावायला दुसरं कुणी नाहीये माझ्याकडं. हे लावलंत की मग फरशीवर येऊ नका."

"बरं, साहेब."

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही. यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं सुरू झालं, शेवटचा सिलिंडर निम्मा असताना. तो लोडर वाचला. डिंक्या म्हणतात त्याला, कारण पॅलेटला चिकटून काम करतो. आता लांबूनच काम करतो. मला टायरांच्या शेडमध्ये बसवलं. तिथं काहीही तोलायचं नसतं, टायर नुसते मोजायचे. वाळूच्या पेट्यांना आता भगभगीत केशरी रंग दिलाय. एवढं साधं तेव्हा मला सुचलं नव्हतं, आणि भिंतीवरचं घड्याळ अजून मागेच पडतंय.

पण मला बोलायचंय ते त्या संध्याकाळच्या विमानाबद्दल.

पेटी रॅम्पपाशी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. लोडर मंडळी गोळा झाली. बातमी सगळीकडं पसरली होतीच. आमच्याकडे इंजिन बंद पडल्याची बातमी उशिरा येते, पण नवरा-बायकोच्या भांडणाची वाऱ्याच्या वेगानं येते. कुणी हसलं नाही, हे मात्र खरं. अडचण अशी होती की नियमानं पेटीच्या माणसानं आत बघून उत्तर द्यायचं, आणि पेटीचा माणूस समुद्रापलीकडे. दवाखान्याचा दुसरा कुणी इथं उरला नव्हता. मी म्हटलं, "लाइन जोडा." रेडिओवाल्यानं तळप्रमुखांकडे बघितलं. ते आपली बॅग घेऊन रॅम्पच्या कडेला उभे होते. ते म्हणाले, "जोडा."

त्यानं स्पीकर आणून शेजारच्या पेटीवर ठेवला. मी झाकण उघडलं. घसा बसला होता, तरी नेहमीसारखं मोठ्यानं विचारलं.

"पेटी कुणाची?"

खरखर. मग, "माझी."

"आत काय?"

"मला दिसत नाही."

"मी बघते. तुम्ही सांगा काय असायला हवं."

"डाव्या कोपऱ्यात निळा डबा."

"आहे."

"त्याच्याखाली जाड नळी. पांढरी पट्टी बांधलेली."

"आहे. गाठ तुमचीच आहे. सुटता सुटत नाही."

कुणीतरी मागं फुसकन हसलं. थोडं थांबून ह्यांचाही आवाज हलला, हसल्यासारखा. मग मीटर विचारले, गाळण्या विचारल्या, वायर विचारली. मी एकेकाला हात लावत गेले आणि आहे, आहे, आहे म्हणत गेले. आम्ही दोघं इतकं सलग बोललो त्याला किती काळ झाला होता, मला आठवेना. मला ते संपू नये असं वाटत होतं. विमानाचं इंजिन सुरू झालं होतं, आणि तळप्रमुख घड्याळ बघत नव्हते.

"मग ऑक्सिजनचं यंत्र," हे म्हणाले. "चढव."

मी झाकण लावलं. कुलपाला हात घातला आणि थांबले.

"अजून एक विचारायचंय," मी म्हटलं.

"विचार."

प्रत्येक शब्द नोंदला जात होता. पंचवीस माणसं, तळप्रमुख आणि एक रेडिओवाला कान देऊन उभे होते. असू देत म्हटलं.

"गुडघा कसा आहे?"

खरखर. शब्द जायला वेळ लागतो, यायला वेळ लागतो. पण हे थांबणं त्याहून बरंच लांब होतं. मला वाटलं, लाइन तुटली.

"दुखतो," हे म्हणाले.

"फार?"

"चढताना कमी. उतरताना फार. आज रॅम्पवरून उतरताना डिंक्यानं हात दिला, मग तो मागं गेला आणि..." पुढचं बोलले नाहीत.

माझे हात कुलपावरच होते. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

पुन्हा ती लांब खरखर.

"तू विचारलं कुठं होतंस? तू मलाच सांगत होतीस, दुखतोय म्हणून."

विमान उभं होतं. मी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि पेटी वर घ्यायला सांगितलं. स्पीकर रेडिओवाल्यानं खाली उतरवून फरशीवर ठेवला. तो चालूच होता. पेटी रॅम्पवरून वर जाईपर्यंत हे पलीकडे लाइनवर थांबले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मी स्पीकरपाशी उकिडवी बसले होते.